रोज एकच गोष्ट बदलणारे गुंडूआण्णा

गुंडूआण्णांवर मी जितकी चिडले तितकी आयुष्यात दुसऱ्या कुणावर चिडले नसेन. नवऱ्यावरही नाही, आणि तिथं कारणांची कधी कमतरता नव्हती. आण्णांना जाऊन आता दोन वर्षं होतील. परवा आमच्या स्टाफरूममध्ये एका मॅडमचा लॅपटॉप कामाच्या मधेच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू झाला. सगळ्याजणी एका सुरात “फॉरमॅट मारून घ्या”, “रॅम बदला”, “नवीनच घ्या बाई” म्हणायला लागल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “काय झालंय ते सांगू नका, काय दिसलं ते सांगा.” सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. वाक्य माझं नव्हतंच. ते ऐकून मी स्वतः किती वेळा दातओठ खाल्लेत, ते त्यांना काय माहीत!

मी हायस्कुलात भूगोल शिकवते. चाळिशी उलटल्यावर मला पीएच.डी.चं खूळ लागलं. विषय होता, कागल तालुक्यात डेअरीला दूध घालणाऱ्या बायका. आठ वर्षं नोकरी, घर आणि सासूबाईंचं पथ्यपाणी सांभाळत मी तो प्रबंध ओढत आणला होता. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती, तिसरी मिळत नाही. मेअखेर प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे आठही वर्षं मातीत. आणि नेमका मार्चपासून माझा लॅपटॉप पडायला लागला.

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या लॅपटॉपवर करायचं. इथंच तर गोम होती. मी टायपिंग शिकले लग्नपत्रिका छापणाऱ्या एका माणसाकडून. त्यानं त्याच्याकडचा जुना मराठी फाँट माझ्या लॅपटॉपवर घालून दिला आणि मी बिनधास्त त्यात पावणेचारशे पानं बडवली. तो फाँट विकणारी मंडळी कधीच धंदा गुंडाळून गेली होती. माझी फाईल दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडली की दूध घालणाऱ्या बायकांच्या जागी चौकोन, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांचा काला दिसायचा. फाँट बदलून देणारे प्रोग्रॅमही वापरून पाहिले, त्यांनी सगळी जोडाक्षरं फोडून ठेवली. मार्गदर्शकांनी पानोपानी दुरुस्त्या दिल्या होत्या, त्या याच लॅपटॉपवर करायच्या होत्या, आणि तो दिवसातून सहा-सात वेळा डोळे मिटत होता. फॉरमॅट मारलं की तो फाँटही पुसला जाणार, म्हणून तो शब्द ऐकला की मी लॅपटॉप काखेत मारून बाहेर पडायचे.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत बेअरिंग, पट्टे आणि पंप विकणाऱ्या दुकानांच्या रांगेत एक अरुंद जिना आहे. त्या जिन्यावर आण्णांचं दुकान. पाटी मात्र ‘मोटार रिवाइंडिंग’ अशीच होती. तरुणपणी कागलात शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तांब्याची तार गुंडाळून देण्याचं काम त्यांनी केलं, मग टीव्ही आले, मग कॉम्प्युटर. पाटी बदलायचं त्यांना कधी सुचलं नाही. पासष्टीचा, उंच, खांद्यात वाकलेला माणूस. चष्मा कायम कपाळावर, खिशाला शाळकरी पेन्सिल आणि एक खोडरबर.

“आण्णा, मदरबोर्ड गेलाय वाटतं,” मी पहिल्याच दिवशी म्हणाले. “नाहीतर व्हायरस असेल.”

“बाई, काय झालंय ते सांगू नगा. काय दिसलं ते सांगा.”

“बंद पडतो.”

“पडताना काय दिसतं?”

“काळं होतं सगळं.”

“एकदम का हळूहळू?”

“एकदम. मग कंपनीचं चिन्ह येतं आणि पुन्हा सुरू होतो.”

“पंखा तवा वराडत असतोय का गप?”

ते काही मी पाहिलं नव्हतं. पावणेचारशे पानांतलं चालू पान गेल्यावर माणूस पंख्याचा आवाज ऐकत बसत नाही, कपाळ बडवतो.

“मग ते बघून या,” आण्णा म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले. “काय पावणं?”

त्या पावण्यांनी “हार्ड डिस्क गेलीय” असं सांगितलं, तेव्हा “कळलंय तर मग तुमीच करा की” म्हणून आण्णांनी त्यांनाही परत पाठवलं. जिन्यात आम्ही दोघं एकमेकांकडं बघत उतरलो. भर उन्हात रिक्षा करून मी गेले होते, तशीच परत आले. दुसरं दुकान का नाही धरलं? धरलं होतं ना. आधी दोन काचवाल्या, थंडगार दुकानांत जाऊन आले होते. दोन्हीकडं दोन मिनिटांत फॉरमॅट सांगितलं. आण्णांच्या तोंडून तो शब्द निघाला नाही, एवढ्याच एका गोष्टीवर मी त्यांच्याशी बांधली गेले.

दुसऱ्या दिवशी मी पंख्याचा आवाज वगैरे सगळं पाठ करून गेले. आण्णांनी ते ऐकून घेतलं, लॅपटॉप उचलला आणि त्याच्या कडेच्या जाळीला नाक लावून लांब श्वास घेतला. जळकी मोटार वासावरून ओळखायची जुनी सवय.

“डंकाजवळ राहता?”

मी गारच पडले. आमच्या घराच्या भिंतीला लागून मिरची कुटायचा डंक आहे. मार्च ते मे तिथं अख्ख्या पेठेची वर्षाची चटणी होते. बायका भाजलेल्या मिरच्यांची पोती घेऊन सकाळपासून नंबर लावतात. बारा वर्षं त्या घरात राहून मला तो धाडधाड आवाज ऐकू येणंही बंद झालं होतं, आणि वास तर माझ्या साड्यांनाच होता.

आण्णांनी खालचं झाकण उघडलं आणि ब्लोअर लावला. आतून लाल धुरळा उठला. मी शिंकले, आण्णा शिंकले, खालचा बेअरिंगवाला रस्त्यावरून ओरडला, “आण्णा, फोडणी घातलीय काय?” आण्णांनी डोळे पुसत आत बघितलं आणि म्हणाले, “अर्धा किलो मटनाची सोय हाय ह्यात.” मी मनात म्हटलं, सुटले बाई. एवढी मिरची नाकात गेल्यावर कुणीही बेशुद्ध पडेल.

दुसऱ्या दिवशी तो चार वेळा पडला.

मी तणतणत गेले. आण्णांना मात्र आनंद झालेला. “ब्येस झालं. धूळ न्हाय, येवढं कळलं.”

“आण्णा, मला कळून काय करायचंय? रॅम बघा, चार्जर बघा, काय बघायचं ते सगळं आजच बघून टाका ना.”

“एकदम चार गोष्टी बदलल्या आन बरं झालं, तर कशानं झालं?”

“कशानं का होईना!”

“आसं कसं?” आण्णा म्हणाले. त्यात वाद नव्हता. मी काय म्हणते तेच त्यांना खरोखर समजत नव्हतं. “दिवसाला एकच बदलायचं. आज रॅम. काढतो, पुसतो, परत घालतो. घरी जाऊन दिवसभर काम करा. पडलं तर टाईम लिवा.” असं म्हणून त्यांनी रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरनं शांतपणे घासले, परत बसवली आणि मला एक चाळीस पानी वही दिली. “सकाळी, दुपारी आसं न्हाय हं. घड्याळ बघून.”

अर्थातच मी ‘सकाळी दोनदा, दुपारी एकदा’ असंच लिहून नेलं. शिक्षिका असूनही गृहपाठाच्या बाबतीत मी आळशी विद्यार्थिनी निघाले. आण्णांनी वही वाचली आणि लाल पेन नसल्यामुळं पेन्सिलीनं गोल केला. “सकाळ म्हंजे किती वाजता?”

दुपारी त्यांच्या बायकोनं डबा आणला तेव्हा माझं तोंड बघून तिलाच दया आली. “आवो बाई, तुमचं मशीन तरी हाय,” ती म्हणाली. “एकदा ह्यास्नी आमटी कडू लागाय लागली. मसाला बदलतो म्हटलो तर न्हाय. आज नुस्ती हळद बदल, उद्या नुस्तं तेल बदल, परवा भांडं. आठ दिवस तीच आमटी केलो मी. वैतागलो बघा.”

“मग काय निघालं?”

“दाताचं औषद निघालं ह्यांचं. आमटी चांगलीच हुती.”

आण्णा भाकरी मोडत गालातल्या गालात हसले. त्यांच्या लेखी ते आठ दिवस सार्थकी लागले होते.

यात आणखी एक ताप होता. आण्णांच्या दुकानात लॅपटॉप कधीच पडायचा नाही. दोन दिवस त्यांनी ठेवून घेतला, चोवीस तास चालवला, हूं की चूं नाही. घरी आणला की तासाभरात आडवा. “हितं गुणाचं हाय,” आण्णा माझ्याकडं संशयानं बघत म्हणाले, “घरात काय करता त्येला?” सासू सुनेबद्दल विचारते तसा सूर. शेवटी “मीच येतो बघायला” म्हणाले. पण दुकान सोडून येणं त्यांच्या तत्त्वात नव्हतं, म्हणून सुट्टीच्या वारी आले. सोमवारी. कोल्हापुरात बाजारपेठ सोमवारी बंद असते.

सकाळी नऊला आले ते खुर्ची घेऊन माझ्या टेबलाशेजारी बसले. मी टाईप करायचं, त्यांनी बघायचं. चहा नको, पाणी नको. कुणी आपल्या खांद्यावरून बघत असताना दूध घालणाऱ्या बायकांच्या उत्पन्नाविषयी लिहून बघा एकदा! दोन वाजले तरी लॅपटॉप एकदाही पडला नाही. माझा नवरा दारातून डोकावून म्हणाला, “आण्णांना इथंच ठेवून घेऊया का मेअखेरपर्यंत?” आण्णांनी वहीत लिहिलं, ‘सोमवार, पडलं न्हाय.’ मंगळवारी दहाला तो पडला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, इतका राग आला. कुणाचा राग, तेही कळेना.

मेची दहा तारीख उलटली होती. पुढच्या खेपेला आण्णांनी सेटिंगमध्ये जाऊन एक खूण काढून टाकली. लॅपटॉपच्या आत काही बिघडलं की तो निळ्या पडद्यावर कारण लिहितो, पण लगेच स्वतःच पुन्हा सुरू होतो, त्यामुळं ते वाचायला मिळत नाही. आता तो सुरू होणार नाही, पडदा तसाच राहील. “मरताना काय म्हणतंय ते ऐकू तरी,” आण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पेन हातात घेऊन वाट बघत बसले. पडला. निळा पडदा नाही, अक्षर नाही, काही नाही. काळं झालं आणि पुन्हा चिन्ह आलं. हे सांगितल्यावर आण्णा पहिल्यांदा खुर्चीतून उठले.

“काय बोललंच न्हाय?”

“काहीच नाही.”

“म्हंजे दुखणं आतलं न्हाय. आतलं आसतं तर बोललं आसतं. बाई, ह्येला वीज मिळंना झालीय मधनं. बॅटरी तर मेलेलीच हाय, आन ह्या जुन्या मॉडेलची आता मिळत न्हाय. वीज क्षणभर चुकली की खलास.” त्यांनी तेवढ्याच जोराचा दुसरा चार्जर शोधून दिला. “आज येवढंच.”

आज येवढंच! माझे अठरा दिवस उरले होते. घरी आले आणि मनाशी म्हटलं, खड्ड्यात गेलं ते दिवसाला एक. नवा चार्जर घेतला, पुढच्या खोलीतलं टेबल सोडलं आणि स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या प्लगला लॅपटॉप लावला. डाव्या हाताला कुकर, उजव्या हाताला प्रबंध. त्या दिवशी तो पडला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आण्णांचा चेहरा असा फुललेला मी पाहिला नव्हता. “चार्जर!” ते म्हणाले. “दुसरं कायबी बदललं न्हाय न्हवं?”

“नाही,” मी म्हणाले.

अगदी सहज म्हणाले. खोली बदलली म्हटलं असतं तर त्यांनी मला पुन्हा पुढच्या खोलीत बसवलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आण्णांनी फळीवरून एक जाड वही काढली. तिच्यात मोटारींपासूनची सगळी दुखणी होती. काय दिसलं, काय काय बदललं आणि शेवटी कशानं बरं झालं. प्रत्येक नोंदीपुढं कारण एकच. माझ्या लॅपटॉपपुढं त्यांनी पेन्सिल ओली करून लिहिलं, ‘चार्जर’. मी ते बघत उभी होते आणि मला काहीही वाटलं नाही. मला फक्त दुरुस्त्या दिसत होत्या, अजून शंभर पानं.

चार दिवस उरले असताना आण्णा घरी आले. न सांगता, दुपारी, दुकान उघडं टाकून. मी स्वयंपाकघरात, लॅपटॉप ओट्याजवळ. आण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा प्लगकडं आणि ते दारातच थांबले.

“कोडोलीत एक सुमन म्हणून बाई हाय,” ते म्हणाले. “ऑनलाईन फॉर्म भरून देती, झेरॉक्स काढती. तिचंबी मशीन आसंच पडतंय. न बोलता. मी म्हटलं, चार्जर बदल. मला म्हाईत हाय, बाईंचं त्येनंच बरं झालं. बदलली. पडतंय. परत आली, मी म्हटलं, चार्जरच खराब लागला आसंल, दुसरा घे. तरी पडतंय. लोक फॉर्म आर्धा टाकून उठून जायला लागलेत तिच्याकडनं.” मग त्यांनी विचारलं, “बाई, खरं सांगा. त्या दिवशी आनि काय बदललासा?”

प्लगकडं त्यांनी आधीच बघितलं होतं. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

“खोली,” मी म्हणाले.

आण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, “मग आता हाच चार्जर घिऊन पुडच्या खोलीत बसा. पडलं तर चार्जर न्हवता. न्हाय पडलं तर हुता.”

आणि मी फुटले. “आण्णा, चार दिवस! चार दिवस राहिलेत माझे! आठ वर्षं घालवलीत मी यात. कसंबसं चालतंय तर ते तुम्हाला पाडायचंय? कशासाठी? तुमच्या वहीसाठी?” आवाज इतका चढला की सासूबाई आतून “काय गं?” म्हणाल्या. “मी नाही बसणार तिकडं. ज्या दिवशी दाखल होईल त्या दिवसानंतर काय पाडायचं ते पाडा!”

“चालतंय म्हंजे बरं झालं आसं न्हाय, बाई.”

“मला चालायलाच हवंय!”

आण्णांनी कपाळावरचा चष्मा काढून पुसला, परत कपाळावरच ठेवला. “व्हय,” ते म्हणाले. “तुमचंबी खरं हाय.” आणि निघून गेले. संध्याकाळी कळलं की दुकानातलं त्यांच्या स्वतःच्या वापराचं मशीन पिशवीत घालून ते एस.टी.नं कोडोलीला गेले आणि सुमनला देऊन आले. चार दिवस तिचं काम अडायला नको म्हणून. ती चूक त्यांची नव्हती. माझी होती, आणि ती त्यांनी आपल्या खांद्याला लावून नेली. मला लाज वाटली. पण खोटं कशाला सांगू, त्या लाजेपेक्षा दुरुस्त्या मोठ्या होत्या. मी पुन्हा टाईप करायला बसले.

प्रबंध मुदतीच्या आदल्या दिवशी दाखल झाला. पाच बांधीव प्रती टेबलावर ठेवल्या, पावती घेतली आणि बाहेर येऊन विद्यापीठाच्या झाडाखाली मी एकटीच रडले. मग पेढे घेतले आणि घरी न जाता आधी शाहूपुरीत गेले.

आण्णांनी पेढ्यांचा बॉक्स बघितला, पण हात लावला नाही. “आता पाडायचं?” एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. कोल्हापूरचा बाजार सगळा उघडा आणि आण्णांचं दुकान बंद. हे कधी झालं नव्हतं. सकाळी ते आले. पुढच्या खोलीतल्या जुन्या टेबलावर, जुन्या प्लगला, नवा चार्जर लावून आम्ही लॅपटॉप सुरू केला आणि शेजारी शेजारी बसलो. चटणीचा मोसम सरत आला होता, डंक मधूनच चालायचा. अर्धा तास काही झालं नाही. मग भिंतीपलीकडं मोटार सुरू झाली, धाड धाड धाड, आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं, मी भिंतीकडं. पंचवीस वर्षं मोटारींत घालवलेला तो माणूस आणि बारा वर्षं त्या भिंतीशी राहिलेली मी!

“मोटार उठताना वडती वीज,” आण्णा हळूच म्हणाले. “तुमची पुडची खोली आन डंक एका लायनीवर. स्वयंपाकघर दुसऱ्या.” मग त्यांनी कपाळावर हात मारला, चष्मा खाली पडला. “आन मी शाना सोमवारी आलतो! डंकालाबी सुट्टी, मलाबी सुट्टी!”

“झालं ना मग? घ्या आता पेढा.”

“एकदा पडलं म्हंजे खरं न्हाय. योगायोग आसतोय. तीनदा पडलं पायजे.”

मी पुन्हा चिडले. पण उठले नाही. दुसऱ्यांदा तो अकरा वाजता पडला, डंक सुरू होताच. तिसऱ्यासाठी डंकावर गिऱ्हाईकच येईना. एक वाजला. वाट बघता बघता आण्णांनी पहिल्यांदाच विचारलं, “त्यात लिवलंय तरी काय, बाई, येवढं?”

मी सांगितलं. पहाटे किटली घेऊन डेअरीत रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका, म्हशीच्या शेणापासून धारेपर्यंत सगळं त्यांचं, आणि दूध संस्थेतलं नाव नवऱ्याचं. आण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ह्यातलं तुमी डोळ्यांनी बघितलेलं किती, आन ऐकलेलं किती?”

पुढं परीक्षकांनीही हे विचारलं नाही. मी मनातल्या मनात प्रकरणं मोजून म्हणाले, “निम्मं निम्मं.”

“तसं लिवलंय का त्यात?”

“लिहिलंय,” मी म्हणाले. आणि ते खरं होतं.

आण्णांनी मान हलवली. मग आम्ही दोघं भिंतीकडं कान लावून बसलो. तीन महिने ज्या लॅपटॉपनं पडू नये म्हणून मी देव पाण्यात घालायचे बाकी ठेवले होते, त्याच्यापुढं बसून मी पुटपुटत होते, “पड की रे बाबा. पड की.” दोनच्या सुमाराला भिंतीपलीकडं कुणीतरी पोतं टाकल्याचा आवाज आला. मोटार उठली. पडदा काळा झाला.

“पडलं!” आण्णा खुर्चीतून उभे राहिले. मीही ओरडले. सासूबाई घाबरून बाहेर आल्या, तर आम्ही दोघं बंद पडलेल्या लॅपटॉपपुढं लहान पोरांसारखे हसत होतो.

आण्णांनी पिशवीतून जाड वही काढली, ‘चार्जर’ खोडरबरनं न पुसता त्यावर एक रेघ मारली, खाली लिहिलं ‘शेजारची मोटार’ आणि मला दाखवलं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “सुमनच्या भिंतीला काय हाय कुणास ठाऊक. बघितलं पायजे.” घड्याळ बघितलं. कोडोलीची गाडी पंधरा मिनिटांत होती.

तेव्हा कुठं त्यांनी पेढा घेतला, एकच, आणि तो तोंडात धरूनच चपला घातल्या. मी बॉक्स पुढं केला. “सुमनला द्या. आणि तिला सांगा, माझ्यामुळं...” पुढचं मला जमलं नाही. आण्णांनी बॉक्स पिशवीत टाकला आणि पेढा गिळून म्हणाले, “ते तुमीच सांगा की. चला.”

मी तशीच निघाले. घरच्या साडीवर, केस न विंचरता. स्टँडकडं जाताना आण्णा माझ्यापुढं पाच पावलं होते. वाकलेले खांदे, बगलेत वही, आणि गाडी लागलेली दिसल्यावर पासष्टीचा तो माणूस पळायला लागला. पुढं धावत मागं वळून माझ्यावर ओरडला, “बाई, पाय उचला की! किती वैताग आणता!”